कच्ची पानखूण

बाबा गेल्यावर सगळ्यांत जास्त वेळा घरी आला तो त्यांचा मदतनीस, आणि माझा संशयही त्याच्यावरच बसला. तो चपला नीट जोडून ठेवायचा, काकांना स्वतः पाणी आणून द्यायचा आणि बोलता बोलता बोळकांडीतला दिवा लावायचा. त्या दिव्याचं बटण कपाटाच्या मागे आहे. पाहुण्याला ते सापडत नाही.

"घरचाच आहे गं तो," काका म्हणाले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. कुणी दोनदा वाकून नमस्कार केला की त्यांच्या लेखी तो घरचा होतो.

बाबांनी वाचनालयांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. पुस्तक कुणी नेलं, कधी परत यायचं, कुठल्या कपाटात लावायचं, हे सगळं सांभाळणारा. नाव पानखूण, आणि चिन्ह पुस्तकातून बाहेर डोकावणारी लाल फीत. प्रोग्रॅम त्यांनी सगळ्यांना खुला ठेवला. कुणीही न्यावा, उघडून बघावा, बदलावा, त्याची देखभाल करून पोट भरावं. बाबा स्वतः देखभालीवरच जगले. अट एकच होती: बदललेला प्रोग्रॅम लोकांना द्यायचा तर तो स्वतःच्या नावाने द्या. नाव आणि फीत त्यांनी रीतसर नोंदवून घेतली होती. "माझा शर्ट घाल खुशाल," ते म्हणायचे, "पण माझी सही करू नकोस." आता ते नाव माझ्याकडे आलं होतं.

मदतनिसाने टेबलावर कागद सरकवला. "ताई, नुसती एक सही. कंपनी काढतोय. तिचं नाव पानखूण ठेवायला तुमची परवानगी हवी."

"पानखुणेची देखभाल करतो, असं म्हणायला तुम्हाला कोण अडवतंय?"

"तसं म्हणणारे गल्लोगल्ली आहेत. पानखूण कंपनीकडूनच आलोय म्हटलं की लोक खुर्ची देतात." मग त्याने आवाज खाली आणला. "सर मला तोंडी म्हणाले होते. हॉस्पिटलात. तू चालव, म्हणाले."

शेवटी शेवटी बाबा फार कमी बोलले. त्या थोड्याशा बोलण्यातलं काही या माणसाच्या वाट्याला गेलं असेल हे मला खरं वाटत नव्हतं. खरं वाटत नव्हतं की सोसत नव्हतं, हे मात्र मला सांगता आलं नसतं.

"बघते," मी म्हणाले आणि कागद ठेवून घेतला.

"त्यात बघायचंय काय," काका म्हणाले. "नाव काय कपाटात घालून ठेवणार आहेस?"

काकांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. म्हणूनच सही करण्याआधी त्याचं काम एकदा डोळ्यांनी बघावं असं ठरवलं. त्याने नुकतंच काम घेतलेलं एक वाचनालय आमच्या घरापासून जवळच होतं.

तिथे काउंटरच्या काचेवर लाल फितीचं स्टिकर होतं आणि खाली त्याचा फोन नंबर. सही होण्याआधीच. ग्रंथपाल बाई मला बाबांमुळे ओळखत होत्या. चौकशी झाली, मग त्या जरा घुटमळल्या.

"अशा वेळी बोलू नये, पण तुमच्या वडिलांचा प्रोग्रॅम म्हणून आम्ही डोळे मिटून घेतला हो. नवा बसवल्यापासून नुसता गोंधळ आहे. एकाने राखून ठेवलेलं पुस्तक दुसऱ्याच्याच नावावर जातं. लोक आम्हाला बोलतात, आम्ही पानखुणेला बोलतो. आणि हे तर बघाच."

त्यांनी मुदत उलटलेल्या एका सभासदाचं नाव उघडलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. वर लाल फीत, बाजूला पानखूण हे नाव. खाली लिहिलं होतं, "खारूताई, पुस्तक परत कर."

"हे सगळ्यांच्या मोबाइलवर जातं," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे एक निवृत्त न्यायाधीश आहेत. त्यांनाही गेलं. काठी आपटत आले. म्हणाले, मी खार कधीपासून झालो आणि ताई कधीपासून, ते लेखी द्या."

त्या हसल्या. मी तो निरोप पुन्हा एकदा वाचला.

खारूताई म्हणजे मी. बाबांच्या कपाटातली पुस्तकं उचलून माझ्या खोलीत साठवायची मला लहानपणापासून सवय, त्यावरून पडलेलं नाव. बाहेर कुणालाही ते ठाऊक नाही. बाबा नवं काही करून बघायचे ते घरच्या कॉम्प्युटरवर, आणि तिथे निरोपाच्या जागी मनात येईल ते लिहायचे. पण त्या अर्धवट प्रोग्रॅमला ते स्वतःच्या टेबलावरसुद्धा पानखूण म्हणत नसत. वर नुसतं 'कच्ची' लिहिलेलं असायचं आणि फितीची जागा रिकामी. तो कॉम्प्युटर बोळकांडीच्या टोकाच्या खोलीत आहे, आणि त्यातली कच्ची कधी घराबाहेर गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मदतनिसाला बोलावलं. काका होतेच.

"झाली सही, ताई?"

"खारूताई कोण?" मी विचारलं.

तो कागदाकडे बघत राहिला. "सरांचीच काहीतरी गंमत असेल."

"त्यांचीच होती. तुम्हाला घराची किल्ली कुणी दिली?"

काका खाकरले. "मी दिली. दादा हॉस्पिटलात होता तेव्हा. चार्जर न्यायचाय म्हणाला हा."

"चार्जर नेला होता मी," मदतनीस म्हणाला. "आणि तेही घेतलं. ताई, मोबाइलवर निरोप पाठवायची सोय त्यातच होती. वाचनालयं तेच मागत होती. सरांच्या हातून आता ते पुरं होणार नाही, हे आपल्या सगळ्यांना दिसत होतं."

"वर कच्ची लिहिलं होतं ना?"

"होतं."

"मग?"

"काढलं. फीत लावली." त्याने चष्मा पुसला. "कच्ची म्हटल्यावर कोण घेणार?"

"आणि बाबा तुम्हाला तोंडी हो म्हणाले. जे नाव त्यांनी स्वतः त्याला दिलं नाही, ते तुम्ही द्या म्हणाले."

काकांनी आपली खुर्ची मदतनिसापासून थोडी बाजूला ओढली. खुर्ची उचलून घेतली असती तर आवाज झाला नसता.

मी कागद सही न करता त्याच्यासमोर ठेवला. "धंदा करा. पानखुणेची देखभाल करतो म्हणा, पैसे घ्या, त्याला माझी ना नाही. ही कच्चीसुद्धा मी खुली करते, बाबांनीही पुरी झाल्यावर केलीच असती. तुम्ही ती पुरी करा, विका, पण तिला तुमचं नाव द्या. आणि ती तुम्ही बसवलीत तिथे तिथे काढून खरी पानखूण बसवा. पहिल्या ठिकाणी मी येणार आहे."

"माझ्या नावाने कोण घेईल, ताई?"

"बाबांच्या नावानेही सुरुवातीला कुणी घेत नव्हतं."

"वकील लावणार का?"

"तुम्ही लावायला लावलात तर."

तो उठला. दारात चपला घालताना म्हणाला, "तू चालव, असं सर खरंच म्हणाले होते." खरं असेल. काय चालव, हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

तो वाचनालयात आला, वेळेवर आला. मी त्याच्या मागे स्टूल घेऊन बसले. त्याचा हात माऊसवर थांबला की माझी नजर तिकडे जायची. पेन ड्राइव्ह काढला तेव्हा तो कुठल्या खिशात गेला तेही मी पाहिलं. काम मात्र तो स्वच्छ करत होता, बाबांच्याच पद्धतीने, प्रत्येक पायरीनंतर थांबून तपासत. काचेवरचं स्टिकर त्याने स्वतः नखाने खरवडलं. त्या जागी चिकटलेला कागद तेवढा राहिला.

बाईंनी तोच सभासद पुन्हा उघडला. फीत तीच, नाव तेच. खाली आलं, "पुस्तकाची मुदत संपली आहे."

"हे कसं, सभ्य," बाई म्हणाल्या. "आता न्यायाधीशांना तोंड दाखवता येईल." मग त्यांनी सहज विचारलं, "पण ती खारूताई होती तरी कोण हो?"

मदतनीस वायर गुंडाळत होता. त्याचा हात थांबला.

"घरातलीच," मी म्हणाले. "तिच्याकडे अजून बरीच पुस्तकं आहेत."