बोथट केलेली कात्री

मुनव्वरा आपांची कात्री मी बावीस वर्षं सांभाळली. ताजिकिस्तानातल्या खुजंदच्या मोठ्या बाजारामागे माझं धार लावायचं दुकान आणि नदीच्या अंगाला त्यांचं बायकांचं पार्लर. दर तीन महिन्यांनी त्या कात्री मऊ फडक्यात गुंडाळून स्वतः आणायच्या, कधी कुणाच्या हाती पाठवली नाही. रोज काम संपलं की पाती पुसायची, स्क्रूपाशी तेलाचा एक थेंब सोडायचा, हा नेम त्यांनी कधी चुकवला नाही. माझ्याकडे आल्यावर तिला फारसं करावं लागत नसे.

मी आधी धार बघत नाही. एक कडी धरतो, दुसरं पातं उचलतो आणि सोडून देतो. ते मिटायच्या जरा अलीकडे थांबलं, तर स्क्रू बरोबर. मग पाती उजेडात धरून झिजेच्या खुणा बघतो. कापणाऱ्याचा हात तिथे दिसतो. आपांची झीज इतकी वर्षं एकसारखी होती, टोकाकडे, सरळ आणि बारीक.

गेल्या साली शरदात द्राक्षांचा हंगाम संपत आला तेव्हा ती बदललेली दिसली. पात्यांच्या आतल्या बाजूला तिरके ओरखडे होते आणि धारेला दोन दाते पडले होते. कात्री पडली असेल, असं मी मनाशी म्हटलं. दाते घासून काढले, कात्री परत दिली आणि बोललो काहीच नाही.

दीड महिन्यातच आपा पुन्हा आल्या. या वेळी दाते मोजत बसलो नाही.

"आपा, कात्री पडली होती का?"

"माझ्या हातून? माझ्या हातून आजवर कंगवा पडलेला नाही, उस्तो." इकडे कारागिराला अशीच हाक मारतात.

"मग अंगठा आडवा जातोय. पाती एकमेकांना खातायत." मी त्यांच्या बोटांकडे बघितलं. "हात थरथरतो का?"

त्यांनी उजवा हात शालीखाली घेतला.

"तुम्ही कात्रीचं बघा. माझं बघायला दवाखाना आहे."

"तेच म्हणतोय. दवाखान्यात जाऊन या."

"वय झालं म्हणायचंय ना? स्वतःचा चष्मा बघा आधी, दोरा बांधून चालवताय." त्यांनी फडकं उचललं, कात्री त्यात गुंडाळली आणि धार न लावून घेताच निघाल्या. जाताना नेहमीसारखं घरच्यांची खुशालीही विचारली नाही.

तो सबंध हिवाळा त्या फिरकल्या नाहीत. दुसरीकडे कुठेतरी विजेच्या चाकावर धार लावून घेतात, असं कानावर आलं. असल्या कात्रीला चाक लावणं म्हणजे रंधा मारणंच. मला कात्रीचं वाईट वाटलं. आपांचाही राग आला, खोटं कशाला बोलू.

वसंतातला नवरोज झाल्यावर त्यांची मुलगी शाहलो दुकानात आली. तीही आईबरोबर पार्लरमध्येच काम करते.

"अम्मांनी एका बाईचा कान कापला," ती म्हणाली. "थोडासाच. बाई शाळेत शिकवतात, जुन्या गिऱ्हाईक. त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. पण अम्मा खाली बसल्या आणि परत उठल्याच नाहीत कामाला."

राजधानीतल्या, दुशान्बेच्या डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला होता. गोळ्यांनी तो धीमा होतो, जात नाही.

शाहलो गेल्यावर मी बराच वेळ दगडाला हात लावला नाही. त्या दोन दात्यांच्या वेळी तोंड उघडलं असतं, तर त्या बाईंचा कान वाचला असता, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तुती पिकल्या तेव्हा आपा स्वतः आल्या. हात आता लपवत नव्हत्या. कात्री माझ्यापुढे ठेवली.

"बोथट करून द्या."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"धार काढून टाका," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, रबरी चेंडू दाबा. चेंडू दाबायला मी काय तान्ही आहे? माझ्या बोटांना ही ओळखीची. हीच उघडझाप करेन. पण धार असली की बायका घरी येतात, आपा, एवढ्या बटा कापून द्या म्हणतात. मला नाही म्हणता येत नाही. कात्रीनंच नाही म्हणायला हवं."

"दुसरी बोथट कात्री देतो मी. ही शाहलोला द्या."

"तिचा हात लहान आहे. अन् मी दुसरीशी काय बोलू?"

चाळीस वर्षांत मी कात्रीची धार घालवली नव्हती. दगड धारेवर आडवा फिरवला तेव्हा जो आवाज आला, त्यानं माझे दात शिवशिवले. आपा शेवटपर्यंत बघत होत्या. दोन्ही पाती झाली, टोकं गोल केली. मग आतली बाजू नेहमीसारखीच चकचकीत केली, त्या चाकाचे चरे घालवले, स्क्रू लावला, तेल सोडलं. ओला कागद मधे धरून बघितला. कागद दुमडला, कापला गेला नाही.

त्यांनी ती बोटांत घेतली आणि चारदा उघडझाप केली. आवाज पूर्वीचाच होता.

"आपा, शरदातच मला दोन दाते दिसले होते," मी म्हणालो. "तेव्हा गप्प बसलो."

"तेव्हा बोलला असतात तर तेव्हाच भांडून गेले असते मी."

"तरी."

त्यांनी कात्री मिटून मांडीवर ठेवली.

"हो," म्हणाल्या. "तरी बोलायला हवं होतं."

त्यांनी मला मोकळं केलं नाही आणि ते बरंच केलं.

आता मीच त्यांच्या घरी जातो. जर्दाळूच्या झाडाखाली पलंगावर बसून त्या सकाळ-संध्याकाळ दोनशे वेळा कात्री चालवतात. शेजारणी येतात, शाहलो कापते आणि आपा बसल्या जागेवरून तिला रागे भरतात, "मान बघ, केस नंतर बघ." मी कात्री उघडतो, पुसतो, तेल देतो. मागच्या खेपेला, बोटांना जड जातेय म्हणून, त्यांनी स्क्रू पाव फेरा सैल करायला सांगितला. मी केला. शाहलोनं हिरवा चहा आणला. आपांनी प्याला दोन्ही हातांनी धरला आणि आम्ही माझ्या भाच्याच्या लग्नाचं बोलत बसलो.