लाल मांसाचे चार दिवस

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि असं समजा की तुमच्या घरात एक पक्षी आहे. पंख पसरले तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचतील एवढा. त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी आहे, पायांत पट्टे आहेत, आणि तो ज्या काठीवर बसलाय ती छताला दोरांनी टांगलेली आहे. काठी सारखी हलते, म्हणून त्याला धड झोपता येत नाही. तुम्ही चहाला बसलात की तो मान वळवून तुमच्या वाट्यांचा आवाज ऐकतो. आणि तो उपाशी आहे. आता सांगा, तुमच्या घशाखाली घास उतरेल का?

कुंदूझच्या उतरत नव्हता.

ती दहा वर्षांची होती. तिच्या बापाने, साइलावने, ऑक्टोबरात डोंगरात जाळं लावून ही गरुडीण धरली होती. साइलावचा हा पहिलाच पक्षी. त्याचा बाप आणि चुलता गरुडाकडून शिकार करवणारे नावाजलेले गरुडवाले, आणि हा चाळिशीला आला तरी दुसऱ्यांच्या शिकारीत नुसते घोडे सांभाळत होता.

नव्या पक्ष्याला आमच्याकडे पांढरं मांस देतात. तुकडे पाण्यात भिजवायचे, पिळायचे, पुन्हा भिजवायचे. रक्त निघून जातं आणि मांस फिकट पडतं. पोटात काहीतरी जातं, पण अंगात जोर येत नाही आणि भूकही सरत नाही. ही भूकच पक्ष्याला माणसाच्या हातावर आणते. यात दुष्टपणा नाही, असं साइलावने मुलीला दोनदा समजावलं होतं. तिने दोन्ही वेळा मान डोलावली होती.

नोव्हेंबरात तो पीठ आणि कोळसा आणायला ओल्गीच्या बाजाराला गेला. जाताना कुंदूझला बजावून गेला की रोज सकाळी एकदा, एक मूठ, तीन पाण्यांतून काढलेलं मांस द्यायचं, जास्त नाही. पहिल्या सकाळी तिने तसंच केलं. गरुडिणीने घास गिळला आणि चोच उघडी ठेवून बसून राहिली. कुंदूझने पिसांत बोटं घालून पाहिली, तर छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं. आई मेंढ्यांमागे गेलेली होती. कुंदूझने मेंढीचं काळीज कापलं आणि न धुता खाऊ घातलं. दुसऱ्या दिवशी सशाची मांडी. असं चार दिवस चाललं.

साइलाव परतला त्या संध्याकाळी त्याने गरुडिणीला हातावर घेतलं, जरा थबकला, आणि पुन्हा काठीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर शेजारचा म्हातारा तोयगन आला. त्याने आजवर चौदा गरुड शिकवले होते, आणि जिभेला हाड नव्हतं. "गरुड पाळलायस की कोंबडी?" त्याने विचारलं. "महिना होत आला, अजून घरातच. अंडी द्यायला लागली का?"

साइलाव हसला, पण त्याचे कान लाल झाले. त्याने वीस हात लांब दोर गरुडिणीच्या पायातल्या पट्ट्याला बांधला आणि तिला घेऊन घरामागच्या उतारावर निघाला.

"छातीचं हाड चाचपलंस का?" तोयगनने विचारलं. तो स्वतः चाचपणार नव्हता. नव्या पक्ष्याला परका माणूस हात लावत नाही.

"काका, महिनाभर पांढऱ्या मांसावर आहे ती. माझ्यापर्यंत आली तरी पुष्कळ."

त्याने गरुडिणीला एका दगडावर बसवलं आणि दोर सोडत मागे गेला. दोराचं टोक त्याने बुटाखाली धरलं. पांढऱ्या मांसावरच्या पक्ष्यासाठी कोणी दोर मनगटाला बांधत नाही, तेवढी ओढच नसते. कुंदूझने ते टोक बुटाखाली जाताना पाहिलं. शब्द तिच्या तोंडापर्यंत आले. मग तिने तोयगनच्या मिशीतलं हसू पाहिलं, बापाचे लाल कान पाहिले, आणि ती गप्प राहिली.

गरुडिणीच्या डोळ्यांवरची टोपी आधीच काढलेली होती. साइलावने मांसाचा तुकडा धरलेला हातमोजा उंच केला आणि हाक घातली. गरुडिणीने त्याच्याकडे पाहिलं. मग दरीकडे पाहिलं. आणि ती उडाली ती त्याच्या डोक्यावरून. दोर बुटाखालून असा हिसकला गेला की साइलाव पाठीवर आपटला.

ती समोरच्या कड्याच्या एका कंगोऱ्यावर जाऊन बसली. मागून फरफटत गेलेला दोर तिच्या खालच्या फटीत अडकला.

दोरासकट सुटलेल्या गरुडाचं काय होतं, ते आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत असतं. पक्षी झेप घेतो, दोर ताणतो, आणि तो पायाने उलटा लटकतो. पुढे उन्हाळ्यात कुणाला तरी तो दोर सापडतो.

साइलाव कड्यावर चढू लागला. गरुडिणीने पंख फडफडवले, दोर ताठ झाला, तिचा एक पाय मागे खेचला गेला. तो जागीच थांबला.

"खाली ये," तोयगन म्हणाला. आता तो हसत नव्हता. "तिचं पोट भरलेलं आहे. मांसाला ती भुलायची नाही. कोणी भरलं तिचं पोट?"

"मी नाही."

"मग काय, मी?"

"मी," कुंदूझ म्हणाली. आणि तिने काळजाचं, सशाचं, सगळं सांगून टाकलं.

साइलावने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "परवा ती जड लागली," असं म्हणून तो थांबला, मग स्वतःलाच सुधारत म्हणाला, "काल. काल जड लागली. मला वाटलं, प्रवासाने माझाच हात दमलाय."

तोयगनने कुंदूझला विचारलं की भरवताना ती काही बोलायची का. ती लाजली. बोलायची, म्हणाली. आपल्या शेळ्या मोजायची, एकेक करून, कोण कशी दिसते ते सांगत.

"आणि ती काय करायची?"

"मान खाली घालायची. गप्प बसायची."

तोयगनने कुंदूझकडे पाहिलं, मग कड्याकडे. कडा फार उंच नव्हता, दोन घरांएवढा असेल, पण जागोजागी बर्फ होतं आणि ऊन उतरायला लागलं होतं.

"पोरीला वर नाही पाठवायचं," साइलाव म्हणाला.

"तू गेलास तर ती उडेल. मी गेलो तर मी पडेन. बघ बाबा, पक्षी तुझा, पोरगी तुझी."

साइलाव कड्याच्या पायथ्याशी गेला. कुठे पाय ठेवता येईल ते त्याने खालून वरपर्यंत नजरेने तपासलं, पुन्हा तपासलं. मग कमरेची सुरी काढून मुठीकडून मुलीपुढे धरली.

"मी खाली, अगदी तुझ्या पायांखालीच उभा असेन," तो म्हणाला. "तिला धरू नकोस. दोर जमेल तेवढा पायाजवळ काप. गेली तर जाऊ दे."

कुंदूझने सुरी बुटात खोचली. हातमोजे काढून बापाकडे दिले. "तुटक्या शिंगाची," ती वर बघत हळू आवाजात म्हणाली, "पांढऱ्या कपाळाची, लंगडी," आणि तिने पहिल्या दगडावर पाय ठेवला.