हळू बोला, बाहेर ऐकू जातंय!

डॉक्टरकाकांच्या दवाखान्यात पेशंट कमी आणि श्रोते जास्त. काकांना कमी ऐकू यायचं, मान्य मात्र करायचे नाहीत. त्यामुळे पेशंट बोंबलायचे, आणि मध्ये नुसता पडदा! कुणाचं पोट साफ नाही, कुणाच्या कुठे गळू, सगळं बाकावर बसून फुकटात कळायचं. दोन आजोबा तर ठणठणीत असूनही रोज हजर.

आज टिटवीचा नंबर होता. तिच्या पायांना असा वास यायचा की आई म्हणाली, "डॉक्टरांकडे जा, नाहीतर बुटांसोबत तूही गॅलरीत झोप!"

आणि बाकावर कोण? वर्गातली दवंडी! तिच्या कानावर गेलं की उद्या मधल्या सुट्टीत अख्खी शाळा नाक धरून फिरणार.

टिटवी आत जाऊन कुजबुजली, "काका, पायांना..."

"काय? मोठ्याने बोल!"

टिटवीने चिठ्ठी लिहून दिली. काका ती खणखणीत आवाजात वाचायला लागले, "माझ्या पा..."

टिटवीने चिठ्ठी हिसकावली आणि चक्क तोंडात कोंबली.

"पाठ दुखते?" काकांनी विचारलं. बाहेर एक आजोबा म्हणाले, "पाठच असणार. दप्तर पाहिलंत ना केवढं!"

टिटवीचा पारा चढला. चिठ्ठी गिळून ती ओरडली, "काका, तुम्हाला ऐकू येत नाही! कानाला मशीन लावा!"

काका ताडकन उठले. पडदा ओढत म्हणाले, "अगं हळू! बाहेर लोक बसलेत! कुणाचं दुखणं असं चव्हाट्यावर आणतात का?"

"मग आमचं रोज काय होतं?"

काकांचा चेहरा फुगा फुटल्यासारखा झाला. त्यांनी खणातून मशीन काढलं. कोरं करकरीत! कानात बसवलं, आणि दचकले. "हा पंखा इतका खडखडतो?"

मग टिटवी कुजबुजली. काकाही कुजबुजले. पावडर मिळाली.

बाहेर आजोबा वैतागले होते. "काय हा दवाखाना! काही म्हणजे काही कळेना!"

"काय झालंय गं तुला?" दवंडीने विचारलं.

"तुला काय करायचंय?" टिटवी ऐटीत म्हणाली.

दवंडी नाक उडवत आत गेली. टिटवी लगेच बाकाच्या टोकाला सरकली, कान टवकारले, मान पडद्यापर्यंत लांबवली.

छे! एक अक्षर नाही.

टिटवीला वाटलं, मशीन उद्यापासून लावलं असतं तरी चाललं असतं की!