स्लॅबासुराचं गाऱ्हाणं

आमच्या कॉमिकमधल्या हिरोला उडता येत नाही. गोळी पण झेलता येत नाही. तो फक्त फसवतो.

राखणदार. आमच्या गावचा, कुडाळकडचा देव. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात वहाणा. गावाच्या शिवेवर फिरतो. कोणी वाईट मनाने आला की त्याला चकवा लावतो. माणूस चाल चाल चालतो आणि शेवटी बघतो तर निघाला होता तिथेच. दहिसरला आमच्या चाळीमागे उंबराखाली त्याचा दगड आहे. आजोबा गिरणीत होते तेव्हा त्यांनी आणि बाकीच्यांनी गावाहून आणलेला.

मी त्याला सुपरहिरो केला. ड्रॉइंग कुठे शिकलेलो नाही. साकीनाक्याला फ्लेक्सच्या दुकानात कामाला आहे, वाढदिवसाचे बॅनर करता करता हात बसला. बाजूच्या कॉम्प्युटरवर मुकुल बसतो, बोरिवलीचा. डायलॉग तो लिहितो. इन्स्टावर टाकतो, चाळीच्या ग्रुपवर टाकतो.

व्हिलन, स्लॅबासुर. अख्खा सिमेंटचा. बोट दाखवेल तिथे खड्डा पडतो, खड्ड्यातून टॉवर वर येतो. कधी कधी येतच नाही. खड्डाच राहतो.

हे कुठून आलं ते चाळीत सगळ्यांना माहीत होतं. बाजूची चाळ एका बिल्डरने मी शाळेत असताना रिकामी केली. लोक नालासोपाऱ्याला भाड्याने गेले, लवकरच परत येणार म्हणून. अजून खड्डा आहे. पाणी साचतं, बगळे येतात. आता त्याच बिल्डरला आमची चाळ पाहिजे होती. बाकीच्यांनी सह्या दिल्या, सात घरं अडून बसली. सातही कोकणातली. आणि त्या सातांचं तोंड म्हणजे माझे बाबा. बाबांनी सही केली की सहा पण करणार, हे बिल्डरला पण कळलेलं.

पहिल्या भागात स्लॅबासुराची माणसं चाळ मोजायला निघतात आणि दर वेळी हायवेच्या चेकनाक्यावर जाऊन बाहेर पडतात. चाळ हसून हसून मेली. नळावर काकू लोक मला थांबवायच्या, "काय रे सिद्धेश, समोरासमोर कधी येतात दोघं?"

मी म्हणायचो, येतील.

तिसऱ्या भागाच्या वेळी मुकुल म्हणाला, "तुझा देव फार स्ट्राँग झालाय. प्रत्येक हिरोचं कुठेतरी दुखतं. नाहीतर मजा काय?"

मी आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्याला कोण फसवणार? पण गाऱ्हाणं घातलं की तो बांधला जातो. मग नाही म्हणत नाही. समोर कोणी का असेना."

गाऱ्हाणं म्हणजे एक जण देवासमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे म्हणतात, व्हय म्हाराजा. लहानपणापासून म्हणतोय. झोपेत पण म्हणेन.

मस्त वाटलं मला. अख्खं पान केलं त्याचं, मोठ्या अक्षरात. देवाची एकच कमजोरी.

ते पान किरण परबने वाचलं.

किरण परब बिल्डरचा माणूस, सह्या गोळा करणारा. तो पण कुडाळचाच. सगळ्यांना काका-काकी करणारा, बाहेर चपला काढून घरात येणारा. एकदा मला कोपऱ्यावर गाठलं.

"स्लॅबासुर म्हणजे मी काय रे?"

"नाही. तुमचे साहेब."

"मग मी कुठाय?"

"तुम्ही अजून आला नाहीत."

"येतो, येतो. पोट जरा कमी काढ."

हसला. मी पण हसलो. आवडायचा यार तो मला, खोटं कशाला बोलू.

मार्गशीर्षात एका रविवारी आम्ही राखण देतो. उंबराखाली सगळे जमतात, कोंबडा, नारळ, मग वडे-सागोती. गाऱ्हाणं घालायचे चाळीतले गावकर आजोबा. ते उन्हाळ्यात गेले. त्या दिवशी सगळे एकमेकांकडे बघत उभे. बाबा म्हणाले, मला अर्धंच येतं. तेवढ्यात किरण परब आला, स्वतःचा कोंबडा घेऊन.

"मी घालू काय, काका? आजोबांकडसून शिकलंय."

सगळ्यांना बरं वाटलं. बाबांना पण. वैर वेगळं, देव वेगळा.

नारळ धरला त्याने, डोळे मिटले. आणि काय घातलं गाऱ्हाणं. गावकर आजोबांपेक्षा भारी. अंगावर काटा आला माझ्या.

"बा देवा राखणदारा, तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे जमली हत, तेंची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाच्या घरात आजार-पीडा आसात, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोरांच्यो नोकऱ्यो, लगीनकार्यां पार पडांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या जाग्यावर जा काय नवीन उभा रवाचा आसा, ता सगळ्यांच्या एकमतान उभा रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण आडवो येयत, तेची बुद्धी बदल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शेवटचं व्हय म्हाराजा बाबा पण बोलले. मी बोललो. सातही घरं बोलली. तोंडातून गेलं आणि मग कानात आलं.

किरणने नारळ फोडला. आमच्यातच मांडी घालून जेवला, आईकडे अजून दोन वडे मागून घेतले. बाबांनी वाढलेलं पान तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आला. आवाज पण चढवला नाही. "काका, मी जबरदस्ती करणार नाही. देवासमोर काय झालं ते तुम्ही पण ऐकलंत." कागद टीव्हीवर ठेवून गेला.

मी बाबांच्या मागे लागलो. "आपण सवयीने बोललो. तो बोलत गेला, आपण होय होय करत गेलो."

"गाऱ्हाण्याला सवयीनेच बोलतात. विचार करून कोण बोलतं?"

"मग ते धरायचं नाही."

"मग कुठलंच धरू नको. तुझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळचं पण. तेव्हा पण सवयीनेच बोललो होतो."



आईला म्हटलं, मी उलटं गाऱ्हाणं घालतो, तू फक्त व्हय म्हाराजा म्हण. एक माणूस तरी पाहिजे ना म्हणायला. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "आणि त्याने कोणाचं ऐकायचं? काल तुझंच ऐकलं ना?"

मुकुल म्हणाला, "अरे नियम बदल ना. कॉमिक आहे, संविधान नाही. देव म्हणेल, हे गाऱ्हाणं खोटं होतं."

"खोटं कुठे होतं? एक शब्द खोटा नव्हता."

"मग स्लॅबासुराला चकवा लाव. शेवटच्या क्षणी."

"तो चकला तर बाकीच्या गाऱ्हाण्याचं काय? आजारपीडा, नोकऱ्या? ते पण त्याच तोंडाने मागितलेलं."

"तू वेडा आहेस."

"असेन."

सातवा भाग काढला. समोरासमोर, सगळे वाट बघत होते तो. स्लॅबासुर येतो, जमीन हादरते. देव काठी टेकून उभा, गालात हसतोय, याचे सगळे डाव त्याला आधीच कळलेत. स्लॅबासुर हात उचलतो. वाटतं आता मारणार. तर तो बूट काढतो. नारळ पुढे धरतो, मान झुकवतो. सिमेंटची मान, तडे जातात तिला, पण झुकते. आणि देवाच्या मागून, चाळीतून, आवाज येतो, व्हय म्हाराजा. देव वळून आमच्याकडे बघतो.

तो चेहरा काढायला मला आठवडा गेला. राग काढला, पुसला. दुःख काढलं, पुसलं. शेवटी नुसता बघताना काढला.

"इथे काय बोलतो तो?" मुकुलने विचारलं.

"काही नाही."

"सहा भाग बडबड करतो आणि इथे गप्प?"

"हो."

त्याने डायलॉगचा फुगा पुसून टाकला.

बाबांनी त्यानंतरच्या शनिवारी सही केली. त्यांच्यामागे सहा. आमच्याच घरात, एकाच पेनाने. किरण म्हणाला, दगडाची काळजी करू नका, साहेब लॉबीत मंदिर देणार.

"टॉवर झाला तर," बाबा म्हणाले.

"होणार काका. देवाने ऐकलंय ना."

साक्षीदार पाहिजे होता, माझी सही घेतली. बाबांनी पेन माझ्याकडे दिलं आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथून बाजूचा खड्डा दिसतो.

जाताना किरणने चपला घालता घालता माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सातवा भाग वाचला. एक नंबर. एकच चूक आहे. नारळ डाव्या हातात दाखवलायस."

बघितलं. खरंच डाव्या हातात होता.

"बदलतो," म्हटलं. आणि बदलला.