कापडाची पलीकडची कड

सासऱ्यांच्या हातून तिसरा ग्लास फुटला तेव्हा घरात कोणी काही बोललं नाही. या घरात कोणी काही न बोलणं ही ग्लास फुटण्याहून मोठी घटना. सासूबाईंनी काचा गोळा केल्या, सासऱ्यांनी हातातल्या कापडाची घडी घातली आणि मी वर्तमानपत्रात तोंड घातलं. जावयाला अशा वेळी वर्तमानपत्रासारखा आसरा नाही.

सासरे एका मोठ्या हॉटेलात हेड वेटर होते. त्यांची एक करामत होती. ग्लास, फुलदाणी, सगळं मांडलेल्या टेबलावरचं कापड एका झटक्यात ओढून काढायचं आणि वरच्या वस्तू जागच्या जागी. निवृत्तीनंतर ते सगळं मागे पडलं होतं. पण हॉटेलचा जेवणाचा हॉल नव्याने सजला आणि मालकांचा फोन आला, की रविवारी पाहुण्यांसमोर एकदा करून दाखवा. सासऱ्यांनी कोणाला न विचारता हो म्हटलं आणि निवृत्तीच्या वेळी हॉटेलातून आणलेलं कापड काढून घरच्या टेबलावर सराव सुरू केला. बाकी सगळं उभं राही. पलीकडच्या टोकाचा उंच ग्लास मात्र दर वेळी आडवा.

"वय झालं म्हणायला लाज कसली?" शेवटी सासूबाई म्हणाल्या.

"हात गेला असेल तर मी मालकांना तसं सांगेन," सासरे म्हणाले. "पण गेलाय की नाही, हे आधी मला दिसलं पाहिजे."

"दिसायला काय, जमिनीवर पडलंय की."

माझं काम गोदामातल्या मालाची मोजदाद ठेवण्याचं. त्यामुळे काय कमी भरतं इकडे आधी लक्ष जातं, आणि माणूस काय बोलतो त्यापेक्षा काय बोलायचं टाळतो, हे टिपायची खोड लागली आहे. सासऱ्यांनी 'वय' हा शब्द टाळला. सासूबाईंनी तो फारच सहज वापरला. हे दोन्ही मी मनात टिपून ठेवलं.

"दिसलं पाहिजे" हे शब्द माझ्या बायकोने मात्र शब्दशः घेतले. ती दुकानदारांसाठी सामानाचे फोटो काढते, बूट, बाटल्या, चष्मे. पळणाऱ्या वस्तूला ती एरवी हात लावत नाही. पण वडिलांचा प्रश्न म्हटल्यावर शनिवारी दुपारी ती कॅमेरा, दोन फ्लॅश आणि खिडक्यांवर टांगायला आमच्या घरची सगळी ब्लँकेटं घेऊन हजर. ब्लँकेटं अर्थात मी उचलली.

"अंधार कशाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाबा, हे ओढणं कॅमेऱ्याच्या बटणाला पकडता येत नाही. म्हणून कॅमेरा अंधारात उघडाच ठेवायचा. अंधारात त्याला काही दिसत नाही. फ्लॅश जेवढा वेळ पेटेल, तेवढाच फोटो."

"मग फ्लॅश जोरात लाव."

"उलटं. त्याची ताकद कमी केली की तो कमी वेळ पेटतो. डोळ्याची पापणी हलायला लागेपर्यंत विझूनसुद्धा जातो."

सासरे खूश झाले. कमी ताकदीत जास्त काम होतं हे त्यांना त्या दिवशी फार ऐकायचं होतं.

पहिल्यांदा तिने आवाज होताच फ्लॅश पेटवणारी एक डबी लावली. कापड निसटताना फट् असा आवाज होतो, त्यावर फ्लॅश पडायचा होता. मी दिवा घालवला.

"सावकाश हं," सासूबाई म्हणाल्या. लख्ख!

"आई, बोलू नकोस ना." लख्ख!

"मी कुठे बोलले?" लख्ख!

पडद्यावर पाहिलं तर करामतीचा पत्ता नाही. सासूबाईंचे मात्र उघड्या तोंडाचे, बोट नाचवतानाचे फोटो असे स्वच्छ आले होते की दात मोजावेत. सासरे म्हणाले, "इतक्या वर्षांत मला नीट दिसलं नव्हतं हे." त्यावर सासूबाईंनी असं काही पाहिलं, की त्या नजरेनेही फ्लॅश पडला असता. मग सगळे गप्प बसले, आवाजावर फ्लॅश पडलाही; पण तोवर कापड सासऱ्यांच्या हातात आणि ग्लास अर्ध्या वाटेवर. आवाज होतो सगळं संपल्यावर. आम्हाला हवं होतं त्याच्या आधीचं.

इथे बायको अडली. टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या, नख चावलं, आणि मग दोरीवरचा कपड्यांचा लाकडी चिमटा काढून आणला. त्याच्या दोन्ही जबड्यांना चंदेरी कागद गुंडाळला, त्यांना फ्लॅशच्या वायरी जोडल्या आणि मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा अडकवला. पुठ्ठा निघाला की जबडे मिटणार, मिटले की फ्लॅश पेटणार. पुठ्ठ्याला दोरा, दोऱ्याचं दुसरं टोक कापडाच्या पलीकडच्या कडेला. कापड सरकलं की दोरा ताणणार. दोऱ्याला ढील जास्त ठेवली तर उशिराचा फोटो, कमी ठेवली तर लवकरचा.

"म्हणजे त्या झटक्याचे काप करता येतील," मी म्हणालो. माझी उत्सुकता आता ब्लँकेटं उचलल्याचं दुःख विसरली होती.

"सुई इकडे दे," सासूबाई म्हणाल्या. सासूबाई लोकांचे कपडे शिवून, उसवून, बेतून देतात. त्यांच्या देखत दुसऱ्याने सुईत दोरा ओवणं हा त्यांना अपमान वाटतो. त्यांनीच कडेला टाका घातला. टेबलाच्या त्या टोकाखाली जुनी गोधडी अंथरली आणि तिथेच उभ्या राहिल्या.

पहिल्या फोटोत कापड जेमतेम हललेलं, ग्लास ताठ. दुसऱ्यात कापडाला मध्ये लाट आलेली, ग्लासातलं पाणी आरशासारखं सपाट. हे पाहून आम्ही चौघंही जवळ सरकलो. घर हलावं असा झटका, आणि पाण्याला त्याची खबरही नव्हती.

"हात बघा बाबांचा," बायको म्हणाली. "सरळ रेषेत आहे. कुठे थरथर?"

"आणि डोळे?" सासूबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. सासऱ्यांचे डोळे घट्ट मिटलेले. "डोळे मिटून ओढतात. भीती बसलीय मनात."

"फ्लॅशने मिटले," सासरे म्हणाले.

"फ्लॅश त्याच्या आधीच विझतो, बाबा," बायको हळूच म्हणाली. पुरावा कधीकधी नको त्या बाजूने उभा राहतो.

सासऱ्यांचा चेहरा पडला. ते फोनकडे बघायला लागले. मालकांना नाही म्हणायचं वाक्य जुळवत असावेत. मी भिंतीकडे बघितलं, कारण बघायला दुसरी जागा नव्हती. भिंतीवर त्यांच्या ऐन उमेदीतला फोटो आहे: काळा कोट, हातात उडालेलं कापड, टेबलावर ग्लासांची रांग.

"यातही मिटलेलेच आहेत की," मी म्हणालो.

सगळे फोटोजवळ गेले. इतकी वर्षं त्या मिटल्या डोळ्यांचा दोष बिचाऱ्या फोटोवाल्याच्या माथी होता. सासरे आयुष्यभर डोळे मिटूनच कापड ओढत आले होते, आणि हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"म्हणजे डोळ्यांचा संबंध नाही," बायको म्हणाली. तिने दोऱ्याला आणखी ढील दिली. दिवा गेला. फट्, लख्ख, आणि गोधडीवर धप्प.

बायकोने पडदा आमच्याकडे वळवला. उंच ग्लास मागे कललेला, पाण्याची जीभ काठाबाहेर आलेली, तिच्या टोकाला सुटायच्या बेतात असलेला एक थेंब. आणि ग्लासच्या बुडाखाली कापडाची अगदी शेवटची कड. ती कड बुडाला अडकून ग्लासचा पाय पुढे खेचत होती. बायकोने चित्र मोठं केलं. कडेला बारीक, सुबक दुमड होती. टाके इतके सारखे, की मशीनलाही हेवा वाटावा.

सासऱ्यांनी कापड उचललं आणि पलीकडची बाजू बोटांनी चाचपली. आजवर त्यांनी ओढायची बाजूच हातात धरली होती. घरी टेबल मांडायचं काम सासूबाईंचं.

"ही बाजू शिवली कोणी?"

"निरोपाला तुम्हाला कडेचे धागे सुटलेलं कापड दिलं त्यांनी," सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं राबलात आणि हातात हे चिंधूक. तुम्ही कौतुकाने घेऊन आलात, तेव्हा कसं बोलणार? मी गुपचूप दुमडून टाकलं."

"अगं, मीच मागून घेतलं होतं ते! ही बाजू शिवायचीच नसते. धोब्यालासुद्धा ताकीद होती माझी."

"मला होती का?"

सासरे पुन्हा त्या कडेवर बोट फिरवू लागले. हॉटेलातलं काम त्यांनी कधी घरी बोलूनच दाखवलं नव्हतं.

मी आपला मनातला हिशेब दुरुस्त केला. 'वय' हा शब्द सासूबाई इतका सहज का वापरत होत्या, ते आता दिसलं. त्या फोटोच्या कोपऱ्यात, टेबलाच्या टोकाशी, दोन हात होते. एका बोटात शिवणाचं अंगुस्तान. ग्लास पडेल तिथे ओंजळ धरलेली, मिट्ट अंधारात. मागचे फोटो काढून पाहिले. दोरा बांधल्यापासूनच्या सगळ्यांत ती ओंजळ होती. फजिती व्हायच्या आत नवऱ्याला थांबवायचं, आणि नाहीच थांबला तर झेलायचं, असा त्यांचा बेत असावा. मी बोट दाखवलं नाही. सासऱ्यांनी पाहिलं होतं.

"उसवून देतेस का?" त्यांनी विचारलं.

"लोकांसमोर धागे लोंबतील."

"लोंबू दे. पाहुणे ग्लासकडे बघतात."

सासूबाई चष्मा लावून बसल्या. उसवतानाही घाई नाही. टाका टाका सोडवला, दोऱ्याची गुंडी करून डब्यात टाकली. धागे सुटलेली कड हाताने सपाट केली, तोंड वाकडं केलं आणि कापड टेबलावर पसरलं.

बायकोने दोरा बांधला. मी दिवा घालवला. फट्. लख्ख. आणि मग काहीच नाही. धप्प व्हायचं राहून गेलं, आणि तो न झालेला आवाज आम्ही सगळ्यांनी कान देऊन ऐकला.

फोटोत उंच ग्लास सरळ उभा होता, बुडाखालून कापडाचे सुटे धागे मिशांसारखे मागे उडत होते. सासऱ्यांचे डोळे नेहमीप्रमाणे मिटलेले. मी कोपरा पाहिला. ओंजळ नव्हती. सासूबाई खुर्चीत बसून होत्या, दोन्ही हात मांडीवर, आणि अंधारात डोळे टक्क उघडे ठेवून टेबलाकडे बघत होत्या.

"रविवारी मी पुढच्या रांगेत बसणार," त्या म्हणाल्या. "कोणीतरी बघायला नको का?"