हौसेरावांची जाळी

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात हौसेरावांना दोन गोष्टींचा गर्व होता, मिशांचा आणि पहिल्या गोणीचा. मिशा कुणीही वाढवू शकतो, पण पहिली गोणी हमालांच्या टोळीत एकाच्याच पाठीवर चढते. नवा लाल कांदा आला की गाडीपुढे नारळ फुटायचा, शेठ स्वतःच्या हातांनी फेटा बांधायचे आणि तो फेटेवाला पहिली गोणी गाळ्यात नेऊन टाकायचा. मग वर्षभर टोळीत त्याचाच शब्द चालायचा. मार्केट मुंबईहून इकडे आल्यापासून हा मान हौसेरावांचा होता. साताऱ्याकडचा माणूस एक वेळ जेवण सोडेल, पण मान सोडणार नाही.

अशा माणसाच्या जांघेत गाठ यावी, हा देवाचा निव्वळ आगाऊपणा होता. खोकलं की गाठ बाहेर, आडवं झालं की आत. हा अंतर्गळ, म्हणजे हर्निया, आहे हे हौसेरावांना कळत होतं, पण कळून घ्यायची इच्छा कुणाला होती? अंतर्गळ झालेल्या हमालाच्या हातात टोळी खराटा देते. म्हणून हौसेरावांनी लंगोट आणखी करकचून आवळला आणि खोकणंच सोडून दिलं. शेवटी दुखणं मिशांनाही लपवता येईना, तेव्हा बायकोने, मुक्ताबाईंनी, त्यांना रिक्षात कोंबून नर्सिंग होममध्ये नेलं.

डॉक्टर नंदकुमार म्हणाले, "नुसतं शिवून भागणार नाही. आतून प्लास्टिकची जाळी बसवू."

"दावा बगू."

डॉक्टरांनी नमुन्याचा तुकडा पुढे केला. हौसेरावांनी तो ट्यूबलाइटसमोर धरला, दोन्ही हातांनी ताणला, नख घालून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"आरं तिच्यायला, ही तर आपली एक्स्पोर्टच्या कांद्याची पिशवी!"

"तशी नाही हो ही..."

"डाक्टर, आमास्नी जाळी शिकवू नगा. ह्यातनं कांदं बोटीनं दुबईला जात्यात. फाटत न्हाई."

"जाळी वजन उचलत नाही, हौसेराव. तिच्यात हळूहळू मांस धरतं. तोवर तांब्यासुद्धा जपून उचलायचा. आणि तुमची डावी बाजूही नाजूक आहे."

यातलं हौसेरावांच्या कानात एवढंच शिरलं, की जाळी बसणार.

ऑपरेशन झालं आणि कोपरखैरण्याच्या त्यांच्या खोलीत माणसांची रीघ लागली. जे इतके दिवस लंगोटात दडवलं होतं, ते आता नाडी सैल करून दाखवलं जाऊ लागलं. "तुमचं नुसतं मांस हाय रं," हौसेराव सांगायचे, "माजं आतनं प्याकिंग झालंय." सगळ्यात जास्त ऐकून घ्यावं लागलं शहाजीला. हा मुक्ताबाईंचा धाकटा भाऊ, त्याच टोळीतला. यंदा फेटा त्याला मिळणार अशी कुजबुज होती.

"दाजी, यंदा ऱ्हाऊ द्या. मी उचलतो."

"तू? तुज्यात जाळी हाय का?"

शहाजीने मान खाली घातली. चांगली जिरली, असं हौसेरावांना वाटलं.

पहिली गाडी दिवाळीच्या आधीच आली. टाक्यांची खपली नुकती पडली होती. मुक्ताबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "पाया पडते, जाऊ नगा. डाक्टरांनी तांब्या म्हटलंय, गोनी न्हाई." त्यांना खरंच रडू फुटत होतं. हौसेरावांना मात्र त्यात शहाजीचा वशिला दिसला.

"भावाची बाजू घेऊ नगंस," म्हणाले आणि निघाले.

नारळ फुटला, फेटा बांधला, गोणी पाठीवर आली. उजवी बाजू जागची हलली नाही. हौसेरावांनी टोळीवरून विजयी नजर फिरवली, पाऊल उचललं आणि डावीकडे काहीतरी सुटलं. ते गोणीसकट खाली बसले. शेठनी मुहूर्त टळू नये म्हणून त्यांच्या डोक्यावरचा फेटा उचलला आणि शहाजीच्या डोक्यावर ठेवला. शहाजी गोणी घेऊन गाळ्यात गेला. ते पाहताना हौसेरावांना दुखण्यापेक्षा जास्त लागलं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उजवीकडची जाळी शाबूत आहे, डावीकडे नवी बसवावी लागेल.

"बगा," हौसेराव कण्हत म्हणाले, "मी म्हनलो न्हवतो, फाटत न्हाई?"

संध्याकाळी टोळी शहाळी घेऊन नर्सिंग होममध्ये भेटायला आली. एकेक जण "जरा पानी पिऊन येतो" म्हणून बाहेर जायचा, तो परत यायचाच नाही. मग बाहेर मुक्ताबाईंचा आवाज चढला, तसे हौसेराव भिंत धरत दाराशी गेले. डॉक्टरांच्या खोलीसमोरच्या बाकावर सगळी टोळी मांड्या आवळून, एकमेकांकडे न बघता बसली होती. टोकाला शहाजी, डोक्यावर अजून तोच फेटा.

"आक्का, लय दिस झालं," तो पुटपुटत होता. "लंगोट बांदून काडलं."

"आन तसाच गोनी घिऊन गेलास? मरायचं हाय का रं समद्यांस्नी?" मुक्ताबाई ओरडल्या आणि तिथेच पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

हौसेराव भिंत धरतच मेव्हण्यापाशी गेले.

"शाजी, केवडी हाय तुजी?"

"आसंल लिंबायेवडी, दाजी."

हौसेरावांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच रंग आला. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"माजी कांद्यायेवडी व्हती. आन आता डावी बी तेवडीच हाय. काड त्यो फेटा."

शहाजीने मुकाट्याने काढून दिला.