खिडकीतला घेवडा

माझी भावजय व्हर्ना वाईट बाई नाही. फक्त शेजारणीचा टोमॅटो तिच्या आधी लाल झाला की तिच्या पोटात दुखतं, आणि ते दर उन्हाळ्यात दुखतं.

आमच्या गल्लीत पहिला टोमॅटो एकट्यानं खायचा नसतो. ओसरीत टेबल मांडायचं, चकत्या करायच्या, पांढरा पाव, मेयोनीज, मीठ ठेवायचं आणि गल्लीला हाक मारायची. आयोवात टोमॅटो कोणाच्याही परसात होतो, पण ही हाक मारायचा मान एकीचाच. तो दर वर्षी व्हर्नाची शेजारीण मार्लिस घेऊन जायची. व्हर्नानं लग्न झाल्यापासून वाफ्यांवर कसलं औषध मारू दिलेलं नाही. पालापाचोळा कुजवून, अंड्यांची टरफलं कुटून तिनं माती लोण्यासारखी केली. मार्लिस रोपं लावते नि विसरते. तरी आधी पिकणार तिचेच. त्यात माझा भाऊ ड्वेन कुंपणावर रेलून तिचा टोमॅटो नुसत्या मिठाबरोबर खातो आणि घरी येऊन सांगतो, "काय गोड आहे गं. तुझेही बरे असतात." त्या 'बरे'नं व्हर्नाच्या अंगाचा तिळपापड होतो.

यंदा हाक आपणच मारायची असं तिनं ठरवलं. मार्चमध्येच गावाबाहेरच्या एका तबेल्यातून कुजलेल्या लिदीची बादली गुपचूप आणली. अनोळखी खत थेट वाफ्यात घालायचं नाही, आधी कुंडीत घालून त्यात घेवडा पेरायचा आणि तो धड उगवतो का बघायचं, हे तिच्या वडिलांनी शिकवलेलं. कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. घेवडा उगवला तो पानं मुडपून, मुठी आवळल्यासारखा. व्हर्ना समजली. घोड्यांनी खाल्लेल्या गवतावर तणनाशक मारलेलं होतं. ते घोड्याच्या पोटातून लिदीत उतरतं, आणि एकदा मातीत गेलं की पुढची काही वर्षं टोमॅटोला धड उभं राहू देत नाही.

एप्रिलमध्ये मार्लिस कुंपणापाशी आली.

"अगं, मला एक तबेला सापडलाय. खत फुकट देतात. काळंभोर, केकसारखं. गाडीभर आणणार आहे."

तबेला तोच. व्हर्ना म्हणाली, "हो का? छान."

"तू आणलंयस कधी तिथून?"

"नाही बाई."

त्या दुपारी ती माझ्याकडे आली ती गाणं गुणगुणतच. कॉफी पिता पिता म्हणाली, "आर्डिस, मार्लिसला यंदा जरा जड जाईल बघ."

"का गं?"

"असंच."

मे महिन्यात मुलीच्या बाळंतपणासाठी ती डेमॉइनला गेली. परत आली तर ड्वेन आणि मार्लिस तिच्याच वाफ्यांपाशी उभे, दोघांचे बूट चिखलानं माखलेले. माती काळीभोर झालेली.

"बघ," ड्वेन म्हणाला. "डोकं मार्लिसचं, गाडी माझी."

"हे कुठलं?" व्हर्नानं विचारलं, पण वासावरून तिला कळलं होतं.

"तबेल्यातलं. चांगलं खोलवर मिसळलंय. आता काढू म्हटलं तरी निघायचं नाही."

व्हर्नानं कुंपणापलीकडे पाहिलं. मार्लिसचे वाफे होते तसेच, भुरे.

"आणि तुझ्यात नाही घातलंस?"

"माझं चाललंय की बरं," मार्लिस म्हणाली. "ड्वेनला जेवण द्यायला आले होते, तर तुझ्या खिडकीतला घेवडा दिसला. कसली ती मरतुकडी पानं. पोटात तुटलं माझ्या. म्हटलं, हिच्या मातीत दम उरला नाही, आणि ही मानी बाई तोंडानं सांगायची नाही. मग सगळी गाडी इकडेच रिकामी केली."

व्हर्नाचं तोंड उघडलं. पण बोलायचं तर घेवडा कशात पेरला होता तेही सांगावं लागलं असतं, आणि एप्रिलमध्ये ती का गप्प बसली तेही. "थँक यू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात बसून तिनं सगळं ओकून टाकलं. मला वाटलं पश्चात्ताप झाला असेल. कसला पश्चात्ताप.

"निदान अर्धं तरी स्वतःच्या वाफ्यात घालायचं होतं की नाही तिनं?" डोळे पुसत ती म्हणाली.

"सांगून टाक तिला."

"मेले तरी नाही."

जुलैत हाक आली, अर्थात मार्लिसच्या ओसरीतून. आम्ही सगळे जमलो. तिथून व्हर्नाचं परस स्वच्छ दिसत होतं. टोमॅटोचं एकूण एक रोप त्या घेवड्यासारखं मुठी आवळून बसलेलं, फळाचं नाव नाही. मार्लिसनं पहिली चकती मुद्दाम व्हर्नाच्या ताटलीत वाढली. तिच्या आवाजात खरीखुरी माया होती.

"तू वाईट वाटून घेऊ नकोस. एक गाडी पुरली नाही तुझ्या मातीला. पुढच्या वर्षी दोन टाकू."

"तीन टाकू," ड्वेन तोंडातला घास गिळत म्हणाला. "काय गोड आहे गं हा. व्हर्ना, जरा मीठ दे."

व्हर्नानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा त्या चकतीकडे.

"संपलं," ती म्हणाली. मीठदाणी तिच्या मुठीतच होती.